दोन राज्यांमधला करार एका राज्याने एकतर्फी मोडला तर पुढे काय होतं?

सदाप्रश्न:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारूनच टाकतो. दोन देशांनी करार केला आणि एकाने मोडला तर दुसरा निषेध नोंदवतो, राजदूत परत बोलावतो, आंतरराष्ट्रीय कोर्टात जातो, अगदीच टोकाला गेलं तर सैन्य हलतं. दोन जिल्ह्यांचं भांडण असेल तर वरचं सरकार एक आदेश काढतं आणि विषय संपतो. पण संघराज्यातली दोन राज्यं? ती एकमेकांना परकी का एकाच सरकारचे दोन विभाग? कायद्याच्या नजरेतून त्यांचं आपापसातलं नातं नक्की काय असतं?

खास करून करारांबद्दल विचारतोय. समजा दोन राज्यांनी नदीच्या पाण्याची वाटणी लिहून घेतली, सह्या झाल्या, वीस-पंचवीस वर्षं गेली, मग एका राज्यात सरकार बदललं आणि विधानसभेने कायदाच केला की हा करार आम्ही मानत नाही. झाला का करार रद्द? एका मित्राशी यावरून जोरात वाजलंय, त्याचं म्हणणं विधानसभा लोकांनी निवडून दिलेली असते, मागच्या सरकारची सही तिला कशी काय बांधणार. मला पटत नाहीये पण मुद्देसूद उत्तरही देता येत नाहीये. भारताचंच उदाहरण पाहिजे असं काही नाही, अमेरिका, जर्मनी, कुठलंही चालेल.

कलम_१३१:
तुमच्या मित्राचा मुद्दा आपल्या सुप्रीम कोर्टापुढे येऊन गेलाय, म्हणून तिथूनच सुरू करतो.

रावी-बियासच्या पाण्यावर पंजाब, हरियाणा आणि राजस्थान यांच्यात ३१ डिसेंबर १९८१ ला करार झाला. हरियाणाचा वाटा तिकडे पोचायचा तर सतलज-यमुना जोडकालवा हवा, हरियाणाने आपल्या हद्दीतला भाग बांधून घेतला, पंजाबातला अर्धवट राहिला. हरियाणा कोर्टात गेलं. जानेवारी २००२ मध्ये निकाल लागला की पंजाबने वर्षभरात कालवा पुरा करावा, तो काही झाला नाही, मग जून २००४ मध्ये कोर्टाने केंद्राला सांगितलं की तुम्ही करून घ्या. आणि जुलै २००४ मध्ये पंजाब विधानसभेने कायदा केला की १९८१ चा करार आणि रावी-बियासवरचे बाकीचे सगळे करार आजपासून संपले. म्हणजे तुमचा मित्र म्हणतो तेच.

राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली कोर्टाचं मत मागितलं. ते यायला नोव्हेंबर २०१६ उजाडलं, पण उत्तर स्पष्ट होतं: पाच न्यायाधीशांनी सांगितलं की हा कायदा घटनेत बसत नाही, ज्या करारात दुसरी राज्यं आहेत तो करार एक राज्य आपल्या आपण कायदा करून संपवू शकत नाही, आणि कोर्टाचा निकाल तर असा पुसता येतच नाही.

कारण समजून घ्या, ते महत्त्वाचं आहे. राज्याची विधानसभा सार्वभौम वगैरे नसते. कलम २४५ प्रमाणे तिचा कायदा तिच्या हद्दीपुरता. पंजाबची विधानसभा पंजाबातल्या माणसांसाठी वाटेल तितके कायदे करू दे, पण हरियाणाला जो हक्क मिळालाय तो हरियाणाचा आहे, तो पंजाबच्या विधानसभेच्या हातात नाहीच. १९९१ मध्ये कर्नाटकाने हेच करून पाहिलं होतं, कावेरी लवादाने जून १९९१ मध्ये तमिळनाडूला २०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी सोडायचा अंतरिम आदेश दिला आणि कर्नाटकाने पुढच्याच महिन्यात अध्यादेश काढला की आमच्या शेतकऱ्यांच्या पाण्याचं रक्षण आधी, आदेश काहीही असो. कोर्टाने तोही घटनाबाह्य ठरवला. स्वतःच्या भांडणात स्वतःच न्यायाधीश व्हायचं नाही, राज्याराज्यांच्या सगळ्या कायद्याचं मूळ मला तरी यातच दिसतं.

मुल्लपेरियारचं उदाहरण तर मुद्दाम वाचण्यासारखं आहे. धरण केरळात, पण चालवतं तमिळनाडू, आणि पाणी डोंगराखालच्या बोगद्यातून तमिळनाडूत वैगईच्या खोऱ्यात जातं. हे सगळं १८८६ च्या एका भाडेपट्ट्यावर उभं आहे, त्रावणकोरचे महाराज आणि ब्रिटिश सरकार यांच्यातला, मुदत ९९९ वर्षं! संस्थान गेलं, मद्रास प्रांत गेला, दोन्हीकडे नवीन राज्यं झाली, तरी पट्टा चालू आहे कारण हक्क आणि जबाबदाऱ्या वारसाने पुढच्या राज्यांकडे आल्या. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाणी १४२ फुटांपर्यंत साठवायला परवानगी दिली. केरळने महिन्याभरातच कायदा दुरुस्त करून १३६ फुटांची मर्यादा घातली. तमिळनाडूने कलम १३१ खाली, म्हणजे राज्याराज्यांचं भांडण थेट सुप्रीम कोर्टात नेणाऱ्या कलमाखाली, दावा लावला आणि ७ मे २०१४ ला केरळची ती दुरुस्ती या धरणापुरती रद्द झाली. केरळचं म्हणणं होतं की धरण जुनं आहे, खाली लाखो माणसं राहतात, ती भीती खोटी नाही आणि कोर्टाने देखरेखीला समितीही नेमली. पण धरण सुरक्षित आहे का हा वस्तुस्थितीचा प्रश्न कोर्टाने एकदा ठरवल्यावर एका बाजूच्या विधानसभेने तो परत ठरवायचा नाही, असं कोर्टाने सांगितलं.

अटलांटिकपार:
+१, वरचा प्रतिसाद उत्तम. पण अमेरिकेत अगदी अलीकडे उलटा निकालही आलाय, तुमच्या मित्राला तो सापडायच्या आत तुम्हाला माहीत असलेला बरा.

आधी थोडी चौकट सांगतो. अमेरिकेच्या घटनेने राज्यांना आपसात करार करायला मुभा दिलीय पण काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, संमती लागते. सगळ्याच करारांना नाही, १८९३ मध्ये व्हर्जिनिया आणि टेनेसीच्या सीमेच्या केसमध्ये कोर्टाने म्हटलं की ज्याने केंद्राच्या अधिकाराला धक्का लागू शकतो अशाच करारांना लागते. आणि दोन राज्यांचं भांडण असेल तर पहिलं आणि शेवटचं कोर्ट एकच, थेट सुप्रीम कोर्ट. तिथे कोर्ट एक विशेष अधिकारी नेमतं, तो साक्षीपुरावे घेतो, अहवाल देतो, आणि मग नऊ न्यायाधीश ठरवतात. हे वर्षानुवर्षं चालतं हे वेगळं सांगायला नको.

आता तो निकाल. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी यांनी १९५३ मध्ये करार करून बंदरातल्या गुंडगिरीवर लक्ष ठेवायला एक संयुक्त आयोग नेमला. गोदी कामगारांना परवाने, चौकशा, पोलिसी काम वगैरे. तेव्हा बहुतेक काम न्यूयॉर्कच्या बाजूला होतं, नंतर कंटेनर आले आणि ८० टक्क्यांहून जास्त काम न्यूजर्सीकडे सरकलं. २०१८ मध्ये न्यूजर्सीने कायदा केला की आम्ही बाहेर पडतो. न्यूयॉर्क म्हणालं एकतर्फी पडता येत नाही. करारात बाहेर पडण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने न्यूजर्सीला परवानगी दिली.

मित्र म्हणेल बघ, मोडता येतो. पण त्याला निकाल पुढे वाचायला लावा. कोर्टाने म्हटलं की हा करार रोज काहीतरी करत राहण्याचा आहे, त्याला मुदत नाही, आणि साध्या करारांच्या कायद्यातही अशा कराराला कुणी जन्मभर बांधलेलं धरत नाहीत. आणि लगोलग हेही लिहिलं की जे करार सीमा ठरवतात, पाण्याचे वाटे ठरवतात किंवा मालमत्तेचा हक्क देतात त्यांना हा नियम लागू नाही. म्हणजे तुमचा प्रश्न ज्या कराराबद्दल आहे, नेमका तोच वगळलाय.

आणखी एक जुनी केस. ओहायो नदीचं प्रदूषण आवरायला आठ राज्यांनी १९४८ मध्ये करार केला. वेस्ट व्हर्जिनियाच्या ऑडिटरने पैसे द्यायला नकार दिला आणि तिथल्याच राज्य सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा करार आमच्या राज्याच्या घटनेत बसत नाही. १९५१ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला: सगळ्यांनी मिळून सही केलेल्या कराराचा अर्थ एका राज्याने, मग ते त्याचं कोर्ट असलं तरी, शेवटचा म्हणून ठरवायचा नाही. पंजाबच्या प्रकरणातलं तत्त्वही हेच, फक्त वाट वेगळी.

नदीकाठचा:
सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय, पण मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कलम_१३१ यांनी २००२, २००४, २०१६ अशी साल सांगितली, पण मग कालव्याचं काय? कालवा आजही पुरा नाही. २०१६ च्या मार्चमध्ये तर पंजाबने कालव्यासाठी घेतलेली जमीन मूळ मालकांना परत द्यायचं विधेयक आणलं आणि कोर्टाला जैसे थे चा आदेश द्यावा लागला. कागदावर हरियाणा जिंकलंय, पाणी कुठाय? राज्याविरुद्ध हुकूमनामा मिळाला तर तो बजावणार कोण, बेलिफ पाठवणार का कोर्ट विधानसभेवर?

आपल्याकडे पाण्याची व्यवस्थाच मुळात विचित्र लावलेली आहे. कलम २६२ ने संसदेला मुभा दिली की आंतरराज्य नद्यांच्या तंट्यातून सुप्रीम कोर्टासकट सगळी कोर्टं बाहेर ठेवा, संसदेने १९५६ च्या कायद्यात तसं केलं आणि लवाद आणला. हेतू चांगला होता, पाण्याचा प्रश्न तज्ज्ञांनी लवकर सोडवावा. झालं काय, कावेरीचा लवाद १९९० मध्ये नेमला, अंतिम निवाडा २००७ मध्ये. मग अपिलं, मग डिसेंबर २०१६ मध्ये कोर्टाने ठरवलं की लवादाच्या निवाड्यावर आम्ही विशेष परवानगीचं अपील ऐकू शकतो, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये अंतिम निकाल, कर्नाटकाला १४.७५ टीएमसी जादा आणि तमिळनाडूला सीमेवरच्या बिळिगुंडलू केंद्रावर मोजून १७७.२५ टीएमसी. त्यानंतर कुठे पाणी व्यवस्थापन प्राधिकरण बसलं. लवाद नेमला त्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर अठ्ठावीस वर्षांचं झालं. शेतकऱ्याने तोवर काय करायचं?

आणि पाऊस चांगला झाला की कुणाला आठवण नसते. तंटा खरा पेटतो तो कमी पावसाच्या वर्षी, तेव्हा किती टंचाई कुणी सोसायची याचं गणित आधीच ठरलेलं पाहिजे, तेच आपल्या निवाड्यांमध्ये कच्चं राहतं.

अटलांटिकपार:
@नदीकाठचा राग समजतो आणि बजावणीचा प्रश्न खराच आहे, पण तो सुटतच नाही असं नाही. कोर्टाने पैशाची भाषा वापरली की फरक पडतो.

रिपब्लिकन नदीच्या पाण्यावर कॅन्सस, नेब्रास्का आणि कोलोरॅडो यांचा १९४३ चा करार आहे. नेब्रास्काने वाट्यापेक्षा जास्त पाणी उचललं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅन्ससच्या नुकसानीचे ३७ लाख डॉलर तर द्यायला लावलेच, वर नेब्रास्काला करार मोडून जो फायदा झाला त्यातले १८ लाख डॉलरही काढून घेतले. कारण वरच्या राज्यातल्या शेतीत पाण्याला किंमत जास्त येत असेल तर नुकसानभरपाई देऊनही करार मोडणं परवडतं. ते परवडू नये म्हणून दुसरी रक्कम. मला हे फार आवडलं. पाणी परत आणता येत नाही पण मोडण्यातला नफा काढून घेता येतो.

आणि जुनं उदाहरण, यादवी युद्धात वेस्ट व्हर्जिनिया व्हर्जिनियातून फुटून वेगळं राज्य झालं, जुन्या कर्जातला आपला वाटा देईना. १९१५ मध्ये कोर्टाने व्याजासकट सुमारे १ कोटी २४ लाख डॉलर ठरवले. तरी देईना. १९१८ मध्ये कोर्टाने सांगितलं की आमच्याकडे वसुलीचा अधिकार आहे, काँग्रेसकडेही आहे, आणि ती वेळ आणू नका. पुढच्या वर्षी विधिमंडळाने पैशाची सोय केली. बेलिफ पाठवायला लागला नाही.

सदाप्रश्न:
वा, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मित्राला पाठवून दिलंय. अजून एक विचारू का. हे सगळं सरकार विरुद्ध सरकार झालं. साध्या माणसाच्या बाबतीत दुसऱ्या राज्याचा कायदा कुठपर्यंत पोचतो? म्हणजे एका राज्यातल्या कोर्टाचा निकाल दुसऱ्या राज्यात चालतो का, एका राज्यातल्या पोलिसांनी दुसऱ्यात जाऊन माणूस उचलला तर ते कायदेशीर का, आणि दुसऱ्या राज्यातला आहे म्हणून जास्त फी लावता येते का?

वकिली_चष्मा:
तीन प्रश्न, तीन वेगळी उत्तरं, जरा सैलसरच लिहितो.

निकाल चालतो. कलम २६१ सांगतं की प्रत्येक राज्याच्या सरकारी कृती, नोंदी आणि न्यायिक कामकाज यांना देशभर पूर्ण मान्यता द्यायची आणि दिवाणी कोर्टाचे अंतिम निकाल देशात कुठेही बजावता येतील. व्यवहारात काय करतात, ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तिथे अर्ज करून तो प्रतिवादीची मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टाकडे वर्ग करून घेतात आणि मग तिथे दरखास्त, म्हणजे बजावणीची कारवाई, चालते. परत पहिल्यापासून दावा लढायचा नाही. आपण हे इतकं गृहीत धरतो की त्याची किंमत कळत नाही, परदेशी कोर्टाचा निकाल इथे बजावायला गेलात तर तो गुणवत्तेवर दिलाय का, फसवणुकीने मिळवलाय का, असं सगळं उकरून बघता येतं. दुसऱ्या राज्याचं कोर्ट परदेशी नसतं, हा फरक. अमेरिकेच्या घटनेत चौथ्या अनुच्छेदाच्या सुरुवातीलाच हे कलम आहे आणि आपलं २६१ त्याच घडणीचं.

पण मान्यता म्हणजे दुसऱ्या राज्याने दिलेला प्रत्येक फायदा सोबत घेऊन हिंडता येतो असं नाही. अनुसूचित जाती-जमातीचा दाखला घ्या. यादी राज्यवार असते. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की एका राज्यात अनुसूचित असलेला माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला तर तिथल्या आरक्षणावर त्याचा हक्क आपोआप लागत नाही, आणि २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांनी तेच कायम ठेवलं. दाखला खोटा ठरत नाही, पण नव्या राज्यात त्याचा उपयोग होत नाही. ज्या घरांनी पोटासाठी स्थलांतर केलं त्यांच्यावर हे फार जड जातं. कायद्याची बाजू मला समजते, कारण मागासलेपण जागेगणिक वेगळं असतं, तरी पण दोन पिढ्या एका जागी काढलेल्या माणसाला तुझी जात मूळ गावातच मागास होती असं सांगणं मला बरोबर वाटत नाही.

अटकेचं. भारतात फौजदारी कायदा सगळीकडे एकच असल्याने राज्याराज्यात प्रत्यार्पण नावाचा प्रकारच नाही. दुसऱ्या राज्याचे पोलीस येऊ शकतात, अटक करू शकतात, पण स्थानिक पोलिसांना कळवून आणि जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या राज्यात नेण्यापुरता ताबा, घेऊन मगच नेतात, निदान न्यायला पाहिजे. भांडणं होतात ती इथेच, गुपचूप गाडीत घालून नेलं म्हणून. आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गुन्हा दुसऱ्या राज्यात नोंदवलेला असला तरी माणूस जिथे आहे तिथलं सेशन्स किंवा हायकोर्ट त्याला मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन देऊ शकतं, म्हणजे तेवढ्या वेळात त्याने योग्य कोर्ट गाठावं. ही सोय लक्षात ठेवा, कधी कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.

अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा वेगळा म्हणून प्रत्यार्पण आहे, गव्हर्नरकडून गव्हर्नरकडे मागणी जाते. याची एक जुनी केस आहे. केंटकीत गुलामगिरी होती, ओहायोत नव्हती. एका स्वतंत्र काळ्या माणसाने केंटकीतल्या एका गुलाम बाईला पळून जायला मदत केली आणि तो ओहायोत आला. केंटकीने तो मागितला, ओहायोच्या गव्हर्नरने दिला नाही. १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या अगदी तोंडावर, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की देणं हे गव्हर्नरचं कर्तव्य आहे पण आम्ही ते जबरदस्तीने करून घेऊ शकत नाही. तो माणूस वाचला. आणि तोच निकाल पुढे सव्वाशे वर्षं फरारी लोकांना पाठीशी घालायला वापरता येत होता, १९८७ मध्ये कोर्टाने तो बदलला आणि आता कोर्ट गव्हर्नरला भाग पाडू शकतं. १८६१ साली आजचा नियम असता तर त्या माणसाचं काय झालं असतं हा विचार मला सोडत नाही.

तिसरं, जास्त फी. साउथ कॅरोलिनाने किनाऱ्यावर कोळंबी पकडायच्या होडीला लायसन्स ठेवलं होतं: राज्यातल्याला २५ डॉलर, बाहेरच्याला २,५०० डॉलर. शंभर पट. जॉर्जियाचे मच्छीमार कोर्टात गेले आणि १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, कारण पोट भरायच्या धंद्यात दुसऱ्या राज्याच्या माणसाला असं बाहेर ठेवता येत नाही, तो काही खास नुकसान करत असेल तर तेवढ्यापुरतं वेगळं वागवा. आपल्याकडे माल आणि व्यापाराबाबत कलम ३०१ ते ३०४ आहेत, बाहेरच्या मालावर इथल्या मालापेक्षा जास्त कर लावायचा नाही. यातली लॉटरीची केस मस्त आहे: १९९९ मध्ये कोर्टाने म्हटलं की दुसऱ्या राज्याची लॉटरी बंद करायचीय ना, करा, पण आधी स्वतःची बंद करा. स्वतःची चालू ठेवून शेजाऱ्याची बंद हे चालणार नाही.

डोंगरपल्याड:
करारांवर इतकं झालं पण सीमेवर कुणी बोललं नाही. आणि राज्याराज्यातलं नातं कुठे किती बरोबरीचं आहे ते सीमेच्या प्रश्नातच कळतं.

स्वित्झर्लंड बघा. मूतिए नावाचं छोटं शहर, फ्रेंच बोलणारं, बर्न कँटनमधे (कँटन म्हणजे तिथलं राज्य). त्यांना शेजारच्या जुरा कँटनमधे जायचं होतं, जुरा स्वतःच बर्नमधून फुटून १९७९ मध्ये झालेलं. घटनेत लिहिलंय की कँटनची हद्द बदलायची तर तिथल्या लोकांची आणि संबंधित कँटनांची संमती पाहिजे. मार्च २०२१ मध्ये शहराने मतदान केलं, मग दोन कँटनांनी बसून शाळा, कर, पोलीस, कर्ज कसं वाटायचं याचा करार केला, आणि १ जानेवारी २०२६ ला शहर जुरात गेलं. हे दशकानुदशकांचं कडू भांडण होतं पण सुटलं ते लोकांना विचारून. तिथल्या घटनेत असंही कलम आहे की कँटनांनी एकमेकांचा मान राखावा, मदत करावी आणि तंटे शक्यतो बोलून किंवा मध्यस्थाकडून मिटवावेत.

जर्मनीतही लोकांना विचारतात. १९९६ मध्ये बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग एक करायचं ठरलं होतं, दोन्ही सरकारं तयार, बर्लिनने हो म्हटलं, ब्रांडेनबुर्गच्या लोकांनी नाही म्हटलं. संपला विषय.

आणि आपल्याकडे कलम ३. संसद साध्या बहुमताने नवं राज्य करू शकते, सीमा हलवू शकते, नाव बदलू शकते. राज्याच्या विधानसभेचं फक्त मत मागवायचं, ते बंधनकारक नाही, हे कोर्टाने १९५९ मध्येच, मुंबई राज्याच्या फेररचनेच्या केसमध्ये, सांगून टाकलंय. ३० जानेवारी २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं आणि फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं, २ जूनला नवं राज्य. तेलंगणाच्या लोकांची मागणी रास्त होती असंच माझं मत आहे, पण पद्धत बघा. अमेरिकेत त्या राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचे तुकडे पाडता येत नाहीत.

महाराष्ट्राने कर्नाटकाविरुद्ध सीमेचा दावा २००४ मध्ये कलम १३१ खाली लावलाय, त्याची गुंतागुंत इथेच आहे. सीमा आखायचा अधिकार संसदेचा, मग दोन राज्यांच्या भांडणात कोर्टाने काय आणि किती ठरवायचं? या उलट आसाम आणि मेघालयाने मार्च २०२२ मध्ये बारा वादग्रस्त जागांपैकी सहा जागांवर आपसात समझोता केला.

कलम_१३१:
@डोंगरपल्याड मुद्दा मान्य, पण कलम ३ मुळे राज्यं दुबळी होतात एवढंच म्हणून थांबू नका. १९५६ मध्ये एवढी मोठी भाषावार फेररचना झाली ती याच कलमामुळे. प्रत्येक राज्याची संमती लागली असती तर कुणीच कुणाला तालुका सोडला नसता. अमेरिकेत संमती लागते म्हणून न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटाचं काय झालं बघा. १८३४ च्या करारात बेट न्यूयॉर्कचं आणि भोवतालचं पाणी न्यूजर्सीचं ठरलं. नंतर भराव टाकून तीन एकरांचं बेट साडेसत्तावीस एकरांचं झालं. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ बेट न्यूयॉर्कचं, भराव न्यूजर्सीचा, आणि राज्यांची हद्द मुख्य इमारतीच्या आतून गेली. कोर्ट जुन्या कराराचाच अर्थ लावत बसतं, कारण दुसरा कुणी हातच लावू शकत नाही.

बोलून मिटवायचं म्हणाल तर जागा आपल्याकडेही आहे. कलम २६३ खालची आंतरराज्य परिषद, केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाने सांगितल्यावर १९९० मध्ये नेमली. २०१६ पर्यंत तिच्या अकरा बैठका झाल्या. सव्वीस वर्षांत अकरा! त्यापेक्षा जीएसटी परिषद किती चालते बघा, कारण तिथे पैसे आहेत. मतांमध्ये केंद्राचा वाटा एक तृतीयांश, राज्यांचा दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे राज्यांना धरल्याशिवाय केंद्राला काही करता येत नाही आणि केंद्राशिवाय राज्यांना. त्यामुळे बसतात, भांडतात, मागेपुढे सरकतात. पाण्यासाठी अशी नेमाने भरणारी परिषद असती तर नदीकाठचा यांचा निम्मा राग गेला असता असं मला मनापासून वाटतं.

नदीकाठचा:
निम्मा गेला असता हे खरं. पण कोरड्या वर्षाचं गणित करारातच लिहा, हे मी सोडणार नाही.

सदाप्रश्न:
सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राचं उत्तर आलंय. करार एकतर्फी मोडता येत नाही हे त्याने मान्य केलं, पण आता विचारतोय की मग राज्यांनी कायम अडकून पडायचं का, परिस्थिती बदलते, शंभर वर्षांपूर्वीचा पाऊस आणि लोकसंख्या आज नाही.

अटलांटिकपार:
प्रश्न रास्त आहे. कोलोरॅडो नदीचा १९२२ चा करार हेच सांगतो, वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला ७५-७५ लाख एकर-फूट (एक एकरभर एक फूट खोल पाणी म्हणजे एक एकर-फूट) वाटून दिलं, पण ते आकडे ओल्या वर्षांच्या मोजमापावर बसवलेले होते, नदीत सरासरी तेवढं पाणी येतच नाही. आणि तरी कुणी एकटं उठून करार फेकून देऊ शकत नाही.

उपाय एकच, बाहेर पडायची आणि फेरतपासणीची वाट सह्या करतानाच लिहून ठेवायची. वाहन परवान्यांबद्दल अमेरिकेतल्या राज्यांचा करार आहे, एका राज्यात दारू पिऊन गाडी चालवली तर ते परवाना देणाऱ्या राज्याला कळवायचं, असा. त्यात लिहिलंय की ज्याला बाहेर पडायचंय त्याने आपला कायदा रद्द करावा, बाकीच्या राज्यांना कळवावं आणि कळवल्यापासून सहा महिन्यांनी तो बाहेर, मधल्या काळातल्या नोंदी मात्र ग्राह्य. पाण्याच्या करारात इतकं सोपं कलम कुणी घालणार नाही, पण अमुक वर्षांनी नव्या मोजणीवर आकडे परत बसवायचे, पाऊस ठरावीक पातळीखाली गेला तर तूट कोणत्या प्रमाणात वाटायची, आणि मोजणी दोघांपैकी कुणीच न करता तिसऱ्याने करायची, एवढं घालता येतं. मित्राला सांगा की विधानसभेने भांडायचं असेल तर सही करायच्या आधी या कलमांसाठी भांडावं.